नारळ सागराला, विद्या लेकरांना

श्रावणी पौर्णिमेच्या सायंकाळी कोळीवाड्यांतून वाजतगाजत मिरवणुका निघतील. सोन्याचा नारळ मानकऱ्याच्या हाती असेल आणि किनाऱ्यावर उभ्या असलेल्या कोळिणी हात जोडून सागराला विनवतील, की आता शांत हो आणि घरधन्याला सुखरूप परत आण. या प्रार्थनेत भक्ती आहे, तसेच भयही आहे. समुद्र पोसतो आणि गिळतोही, हे ज्याने अनुभवले त्याचेच हात असे जोडले जातात.

या नारळाचे आणखी एक कार्य आहे आणि ते पूजेइतकेच पवित्र मानावयास हरकत नाही. कोकणात पोर पोहायला शिकू लागले, की दोन सुके, न सोललेले नारळ एकत्र बांधून त्याला त्यांचा आधार देत असत. सोडणातील काथ्यात हवा कोंडलेली असते, त्यामुळे नारळ बुडत नाही आणि मुलालाही बुडू देत नाही. देशावर हेच काम वाळलेला भोपळा करी. पूजेचा नारळ आणि पोहण्याचा नारळ एकाच माडाचे. आपण पहिला जपला, दुसरा मात्र विसरलो.

या विस्मरणाची किंमत जबर आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूजवळ विद्यार्थ्यांनी भरलेली होडी उलटली आणि तीन मुली दगावल्या. मच्छीमार बांधव मदतीला धावले नसते, तर अनर्थ याहून मोठा झाला असता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली. ५ ते १४ या वयातील मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बुडण्याचा क्रमांक तिसरा लागतो. म्हणूनच शाळकरी वयात पोहणे व सुरक्षित बचाव शिकवावा, असा या संघटनेचा आग्रह आहे.

‘पाण्याजवळ जाऊ नकोस’ एवढे सांगून हे भागणारे नाही. मूल जाणारच. पाण्याची विद्या पुस्तकात वाचून येत नाही. ती हातापायांना शिकवावी लागते. तिचा अभ्यासक्रम निसर्गानेच ऋतूंनुसार आखून ठेवला आहे. श्रावणात समुद्र अजून खवळलेला असतो, तेव्हा धडे शाळेच्या पडवीत व्हावेत. ओढली तरी न आवळणारी दोराची गाठ मारणे, जीवरक्षक जाकीट अंगात घालून त्याचे पट्टे नीट आवळणे, होडीत उभे न राहता मध्यभागी बसणे, ही कामे मुलांनी स्वतः करून पाहावीत. दिवाळीनंतर संथ तलावात उतरावे. प्रथम उताणे तरंगणे, मग श्वास राखणे, मग हातपाय मारणे. आणि अखेरीस अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात पडून काठ गाठणे, कारण अपघात पोहण्याचा पोशाख पाहून येत नाही. त्यानंतर खाडीत होडी, वल्हे आणि सुकाण.

आपले पंचांगही येथे उपयोगी पडते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावरील भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, असा जुना हिशेब आहे. पौर्णिमेचे पंधरा, म्हणजे सुमारे सव्वाअकरा; अष्टमीचे आठ, म्हणजे सहा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा येतो, हे त्यामागील कारण. पौर्णिमा-अमावास्येस सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येऊन उधाण येते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. मुलांनी हा हिशेब वहीत मांडावा आणि छापील वेळापत्रकाशी ताडून पाहावा. गणित, भूगोल आणि जीवरक्षण यांचा असा संगम क्वचितच आढळेल.

दोन नियम मात्र सर्वांना मुखोद्गत असावेत. किनाऱ्यावरून आत खेचणाऱ्या ओढीत सापडल्यास तिच्याशी झुंजू नये; किनाऱ्याला समांतर पोहून ओढीतून बाहेर पडावे आणि मग काठाकडे वळावे. ते न जमल्यास तरंगत राहून हात उंचावावा. दुसरे असे, की बुडणाऱ्यामागे मुलाने कधीही उडी घेऊ नये. काठी पुढे करावी, दोर टाकावा, रिकामा डबा फेकावा आणि मोठ्याने हाक मारावी. एकाला वाचवण्यासाठी धावलेले दुसरे लेकरू हरपते, हे दुःख आपल्या अनेक गावांनी सोसले आहे.

शिकवणार कोण, हा प्रश्न अवघड नाही. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेत वल्हवणे, शीड उभारणे, गाठी मारणे यांचे शिक्षण मिळतेच. परंतु त्याआधी कोळीवाड्यातील वृद्ध तांडेलास सन्मानाने शाळेत बोलवावे. वाऱ्याची आणि पाण्याची भाषा त्याच्याइतकी कोणास ठाऊक असणार? प्रशिक्षित जीवरक्षक सोबत असावा आणि मुलांची तुकडी लहान असावी, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले.

यंदा सागराला नारळ वाहताना आणखी दोन नारळ बाजूला काढून ठेवावेत. ते सुकू द्यावेत, दोरीने एकत्र बांधावेत आणि पाणी संथ झाले, की जाणत्याच्या देखरेखीखाली लेकरांच्या हाती द्यावेत. सागराकडे आपण जे मागणे मागतो, त्यातील आपला वाटा आपणच उचलावयाचा आहे.