अब्बू जुबाला, आम्ही भिंगारला

रमजानमध्ये आमच्या घरी दोन इफ्तार होत. पहिला आमचा, मगरिबच्या अजानला. दुसरा जवळपास तीन तासांनी, मोबाइलवर. तरावीह आटोपून माणसे मशिदीतून परतू लागली की तिकडे दक्षिण सुदानमध्ये, जुबात, मुलांचे अब्बू खजूर हातात घेऊन बसलेले दिसत. जुबाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे, हे आमच्या धाकटीला शाळेत जाण्याआधीच पाठ झाले होते. नेट चालले तर ती इकडून आणखी एक खजूर तोंडात टाकायची आणि म्हणायची, "अब्बू, बिस्मिल्लाह."

हा लेख आम्ही दोघी मिळून लिहीत आहोत, सासू आणि सून. घरचा कर्ता एक वर्ष परदेशात मोहिमेवर होता, तेव्हा घर आम्ही दोघींनी चालवले. त्यात आमची एक मोठी चूक झाली. ती इतर घरांत होऊ नये, म्हणून हे लिहिणे.

नगरच्या घरांना नवे नाही

आमचे नगर म्हणजे फौजेचे गाव. रणगाडा दलाचे केंद्र व प्रशिक्षण संस्था इथेच आहे. मेकनाइज्ड इन्फंट्री या रेजिमेंटचे केंद्रही इथेच. के. के. रेंजवर गोळाबार सुरू झाला की खिडक्यांची तावदाने थरथरतात आणि भिंगारची मुले अभ्यासातून मानही वर करीत नाहीत.

भारताचे सैनिक 1950 च्या कोरिया युद्धापासून संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी बाहेर जात आले आहेत. काँगो, गाझा, लेबनॉन, दक्षिण सुदान अशा पन्नासाच्या आसपास मोहिमांमध्ये आजवर पावणेतीन लाखांहून अधिक भारतीयांनी काम केले आहे. म्हणजे तितकीच घरे मागे राहिली. कोरिया आणि काँगोच्या वेळी तर तिथल्या आपल्या फौजेच्या टपालासाठी भारताची तिकिटे वेगळा ठसा मारून वापरली जात. एक पत्र जायला आणि त्याचे उत्तर यायला किती आठवडे लागत असतील, याचा विचार केला की मोबाइलबद्दल अल्लाहचे आभार मानावेसे वाटतात.

पण रोज बोलणे होते म्हणजे रोज खरे बोलणे होते, असे नाही. आमची चूक इथेच झाली.

"तुम्ही मला पाहुणा केलंत"

ते जाऊन चार महिने झाले होते. थोरल्याला ताप आला. तो बारा वर्षांचा. तपासणीत डेंग्यू निघाला, प्लेटलेट्स उतरल्या आणि पाच दिवस दवाखान्यात ठेवावे लागले. एकीने दवाखाना सांभाळला, दुसरीने घर आणि धाकटी. जुबाला काय सांगायचे? आम्ही ठरवले, काहीच नाही. एवढ्या लांब असलेला माणूस ऐकून काय करणार? रात्रभर जागा राहील, सकाळी बंदूक घेऊन ड्यूटीवर जाईल. "तो श्रीरामपूरला मामूंकडे गेलाय," असे आम्ही सांगितले.

आठ दिवसांनी तो घरी होता, हसत होता. व्हिडिओवर धाकटी मध्येच म्हणाली, "अब्बू, भैय्याच्या हाताला सुई लावली होती ना, तिथे निळं झालंय."

पलीकडे शांतता. मग त्यांनी मुलाची तब्येत विचारली, दुआ केली आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी ते एवढेच म्हणाले, "माझी काळजी केलीत, ते समजलं. पण तुम्ही मला पाहुणा केलंत. आता तुम्ही 'सब खैरियत' म्हणाल तेव्हा मी काय समजू?"

पुढचा महिनाभर ते प्रत्येक फोनला मुलांना एकेक करून समोर बोलवायचे. हात दाखव, चालून दाखव. आमच्या शब्दाचा भरवसा गेला होता. ज्या काळजीतून त्यांना वाचवायचे होते, ती आम्ही रोजची करून ठेवली.

खरे तर हेच त्यांनीही आमच्याशी केले होते. एकदा टीव्हीवर जुबाचे नाव आले, गोळीबाराची बातमी होती. रात्री ते म्हणाले, "इथे सगळं शांत आहे, पाऊस पडतोय." थोरल्याने बातमी पाहिली होती. त्या रात्री के. के. रेंजचा आवाज आला, आणि जन्मापासून तो आवाज ऐकणारे मूल अंथरुणात उठून बसले.

मग काय ठरले

एका जुम्म्याला निवांत फोन झाला आणि आम्ही तिघांनी मशवरा केला. ठरले ते असे:

आजार, अपघात, पैशाची अडचण त्याच दिवशी कळवायची. सांगणारे मोठे माणूस असावे, मूल नव्हे. सांगताना तीन गोष्टी सांगायच्या: काय झाले, आम्ही काय केले, पुढची खबर केव्हा देऊ.

त्यांनीही तसेच करायचे. मोहिमेचा तपशील सांगायचा नाही, तो सांगता येतही नाही. पण "आज गडबड होती, मी सुखरूप आहे" इतके खरे सांगायचे.

दवाखाना, शाळा, रोजचा खर्च यांचे निर्णय घरात असणाऱ्याने घ्यायचे आणि नंतर त्यावर "असं का केलं" म्हणायचे नाही. कर्ज, जमीन, कुणाचे लग्न जमवणे यांत दोघांचे मत झाल्याशिवाय शब्द द्यायचा नाही.

खर्चाची वही रोज लिहायची. हिशोब मागितला म्हणून नाही, मागावा लागू नये म्हणून.

जाण्याआधीची कामे आम्ही केली होती, ती उपयोगी पडली. जॉइंट खाते, खात्यावर नॉमिनीचे नाव, दवाखान्यासाठी अवलंबितांचे कार्ड, मुलांचे आधार, आणि युनिटची मागे राहिलेली जी रिअर पार्टी असते तिचा फोन नंबर. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कुठे आहे तेही पाहून ठेवावे. सौदी, कुवेत, दुबईला कामाला जाणाऱ्यांच्या घरांनीही आपापल्या परीने ही यादी करावी. तिथे तर युनिटही पाठीशी नसते.

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट

आपले माणूस सुखरूप आहे की नाही हेच कळत नाही, असे दिवस या रेजिमेंटच्या घरांनी पाहिले आहेत. 2000 सालच्या मे महिन्यात आफ्रिकेतील सिएरा लिओनमध्ये, कैलाहून येथे, बंडखोरांनी संयुक्त राष्ट्रांच्या दोनशेहून अधिक भारतीय सैनिकांना वेढले. त्यात मेकनाइज्ड इन्फंट्रीच्या 14 व्या बटालियनची कंपनी होती, गुरखा रायफल्सचे जवान होते. सुमारे अडीच महिने वेढा चालला. जुलैच्या मध्याला ऑपरेशन खुकरी झाले आणि वेढ्यातली माणसे बाहेर आली. या कारवाईत एका हवालदाराने प्राण दिले.

त्या अडीच महिन्यांत देशभरातल्या किती स्वयंपाकघरांत भाकऱ्या करपल्या असतील! तेव्हा हातोहाती मोबाइल नव्हते. वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी आणि शेजाऱ्याच्या घरचा फोन, एवढाच आधार. आमचे वर्ष त्यापुढे काहीच नव्हते. पण ते आठवले की एक गोष्ट पक्की होते: खरी खबर हीच मागे राहिलेल्यांची शिदोरी असते.

शेजाऱ्यांची जबाबदारी

हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी रिवायत प्रसिद्ध आहे. रात्री गस्त घालताना एका घरातून त्यांना स्त्रीचे विरहाचे शब्द ऐकू आले. तिचा पती लष्करात होता. त्यांनी आपली मुलगी हजरत हफ्सा (रजि.) यांना विचारले, स्त्री पतीशिवाय किती काळ धीर धरू शकते? त्यानंतर सैनिकाला घरापासून किती काळ दूर ठेवावे याची मर्यादा त्यांनी घातली. काही रिवायतींत चार महिने येतात, काहींत सहा. राज्यकर्त्याने सैनिकाच्या घराचे दुःख दारातून ऐकले आणि त्याचा नियम केला, ही केवढी गोष्ट!

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवणही हेच सांगते: जो मोहिमेवर गेलेल्याच्या घराची नीट देखभाल करतो, तो त्या मोहिमेत सहभागीच असतो. आमच्या मोहल्ल्यात एका चाचांनी वर्षभर न सांगता आमचा गॅस सिलिंडर वर चढवून दिला. ईदच्या नमाजला थोरल्याला आपल्या मुलांबरोबर नेले. फार बोलले नाहीत, चौकशांचा भडिमार केला नाही. "एकट्या बायका कशा राहता?" असे विचारणाऱ्या दहा जणांपेक्षा असा एक माणूस पुरतो.

परत आल्यावर

सगळ्यात अवघड दिवस ते परत आल्यानंतरचे होते, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. धाकटी दादीच्या पदराआड लपली. फोनमधले अब्बू तिला हवे होते, दारातले अब्बू तिच्यासाठी नवे होते. थोरला वर्षभर घरातला मोठा होता. किराण्याची यादी, लाइट बिल त्याच्याकडे असे. अब्बूंनी यादी हातात घेतली तेव्हा तो गप्प झाला. त्यांनाही आपल्या घरात डबे कुठे ठेवलेत हे विचारावे लागत होते.

दादीने मुलाला सांगितले, "बेटा, पंधरा दिवस नुसतं घर बघ. मग काय बदलायचं ते बदल." त्यांनी ऐकले. किराण्याची यादी थोरल्याकडेच राहिली, अब्बू त्याच्यासोबत पिशवी धरायला जाऊ लागले. धाकटी तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या मांडीवर बसली.

पुन्हा कधी तरी हुकूम येईल, ते पुन्हा जातील. या वेळी बॅग भरताना मशवऱ्याचा कागदही भरू. दूर गेलेल्या माणसाला घराची खबर ही अमानत आहे, आणि घरातल्यांना त्याची. ती पूर्ण पोहोचवण्याची तौफिक अल्लाह सर्व घरांना देवो. आमीन.