केळीवरील चरका आणि पेशीचे स्निग्ध आवरण

पौष महिन्यात तापीकाठच्या रावेर-यावल भागात उत्तरेकडून कोरडे वारे वाहू लागतात, आकाश निरभ्र राहते आणि एखाद्या पहाटे पारा १० अंश सेंटिग्रेडच्या खाली उतरतो. त्या सकाळी केळीच्या बागेत काही विशेष घडलेले दिसत नाही. पाने हिरवी असतात, घड जागच्या जागी असतात. चार-सहा दिवस लोटल्यावर मात्र पानांच्या कडा पिवळट-तपकिरी होऊ लागतात आणि फळांचा तजेला जातो. हिरव्या फळाची साल नखाने किंचित खरवडली तर आत तपकिरी रेघा आढळतात. असे फळ पिकावयास ठेवले असता त्यास सोनेरी पिवळा रंग न येता राखी, मळकट छटा येते. व्यापारी घड उलटसुलट करून पाहतो आणि भाव पाडून मागतो. वर्षभर पोटच्या पोराप्रमाणे सांभाळलेल्या बागेचे मोल अशा रीतीने दोन-तीन रात्रींत घटते.

खानदेशात या इजेला ‘चरका’ म्हणतात. तो रोग नव्हे. त्याच्या मुळाशी कोणतीही बुरशी, जीवाणू वा कीड नसते. त्यामुळे चरका पडल्यानंतर औषधांची फवारणी करणे म्हणजे पैसा वाया घालविणे होय. करपा रोगाची सुरुवात प्रायः खालच्या पानांवर, तुटक ठिपक्यांनी व रेघांनी होते आणि तो हळूहळू वाढत जातो. चरका मात्र एकाच वेळी सबंध बागेत उमटतो. सखल जागी, जेथे रात्रीची थंड हवा उतरून साचते तेथे, तो अधिक दिसतो. एवढा फरक ध्यानी ठेवला तरी पुष्कळशी गफलत टळेल.

आता एक प्रश्न सहजच उद्भवतो. पाणी गोठावयास पारा शून्य अंशावर यावा लागतो. आठ-दहा अंशांत दवाचा थेंबही गोठत नाही. मग केळीच्या अंगात असे काय आहे, की जे एवढ्याशा थंडीने बिघडावे?

याचे उत्तर प्रत्येक घरच्या फडताळात ठेवलेले आहे. हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत थिजते. तापमान सुमारे २४ अंशांखाली गेले की ते पांढरे व घट्ट होऊ लागते. त्याच फडताळातील करडईचे किंवा जवसाचे तेल मात्र कडाक्याच्या थंडीतही पातळ राहते. तिन्ही तेलेच, परंतु त्यांतील मेदाम्ले निराळी. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची एक लांब साखळी. ज्या साखळीत दुहेरी बंध नसतो ती सरळ असते, आणि अशा साखळ्या सरळ काठ्यांच्या मोळीप्रमाणे एकमेकींस घट्ट बिलगून बसतात. यांस संपृक्त मेदाम्ले म्हणतात. जीत दुहेरी बंध असतो ती साखळी त्या ठिकाणी वाकते आणि बाभळीच्या वाकड्या फांद्यांची मोळी जशी कितीही आवळली तरी सैलच राहते, तसा प्रकार होतो. ही असंपृक्त मेदाम्ले. अठरा कार्बन अणूंच्या स्टिअरिक आम्लात एकही दुहेरी बंध नाही. ते सुमारे ७० अंशांस वितळते. तेवढ्याच लांबीच्या ओलेइक आम्लात एक बंध आहे. ते १३-१४ अंशांस वितळते. दोन बंध असलेले लिनोलेइक आम्ल, जे करडईच्या तेलात विपुल असते, शून्याखाली ५ अंशांपर्यंत आणि तीन बंधांचे लिनोलेनिक आम्ल, जे जवसात मुबलक असते, शून्याखाली ११ अंशांपर्यंत पातळ राहते. साखळीला पडलेल्या एका बाकाने केवढा फरक पडतो, हे या आकड्यांवरून उघड होईल.

बियांतील तेल हा वनस्पतीचा कणगीतला साठा होय. परंतु स्निग्ध पदार्थांचा याहून महत्त्वाचा उपयोग पाने, मुळे, फळे अशा प्रत्येक अवयवाच्या प्रत्येक जिवंत पेशीत झालेला असतो. पेशीच्या भोवतीचे आवरण त्यांचेच बनलेले असते. पेशीच्या आतील निरनिराळी दालने, म्हणजे हरितकणिका, श्वसनाचे काम करणाऱ्या तंतुकणिका आणि रस साठविणारी रिक्तिका, हीदेखील अशाच आवरणांनी वेगळी केलेली असतात. झुरिच येथे ओव्हर्टन या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे पाहिले की, तेलात विरघळणारे पदार्थ वनस्पतीच्या पेशीत झटकन शिरतात आणि न विरघळणारे बाहेर अडून राहतात; यावरून पेशीचे दार स्निग्ध पदार्थाचे असावे असा तर्क त्याने बांधला. पुढे १९२५ साली हॉलंडमधील लायडेन येथे गॉर्टर व ग्रेंडेल यांनी रक्तातील तांबड्या पेशींचे स्निग्ध पदार्थ काढून ते पाण्यावर पसरून मोजले, तेव्हा त्यांनी व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरली. अर्थात आवरण दुहेरी थराचे होते. प्रत्येक रेणूचे डोके पाण्याकडे आणि मेदाम्लांच्या दोन शेपट्या आतल्या बाजूस, अशी ही रचना असते. तिची जाडी इतकी अल्प असते की, एका मिलिमीटरात अशी जवळजवळ दोन लाख आवरणे एकावर एक मावतील. या पातळ थरात प्रथिने तरंगत असतात. क्षारांना वाट देणे, साखर ओढून घेणे, श्वसनाच्या क्रिया चालविणे ही कामे त्यांची. थर पातळ व लवचिक असेल तोवरच ती नीट काम करतात.

थंडीत हा थर ताठरतो. १९६४ साली कॅलिफोर्नियात लायन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी फुलकोबी, सलगम व वाटाणा या थंडी सोसणाऱ्या पिकांच्या तंतुकणिका रताळे व मका यांसारख्या नाजूक पिकांच्या तंतुकणिकांशी ताडून पाहिल्या. काटक पिकांच्या आवरणांत असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण अधिक आणि आवरण अधिक लवचिक, असे त्यांस आढळले. करडई, हरभरा, गहू ही रबीची पिके पौषातील थंडीत वाढतात आणि त्याच शिवारातील केळी कुडकुडते, याचे एक मोठे कारण येथे सापडते. केळी ही दमट व उष्ण प्रदेशातील वनस्पती. थंडीसाठी आवरण बदलण्याची गरज तिला पिढ्यान्‌पिढ्या पडलीच नाही.

जपानमधील मुराता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली याहून थेट पुरावा दिला. आवरणातील एका स्निग्ध पदार्थाची घडण ठरविणारे जनुक त्यांनी तंबाखूच्या रोपांत घातले. काही रोपांना ते भोपळ्याच्या वर्गातील, थंडी न सोसणाऱ्या वनस्पतीतून घेतले होते, तर काहींना मोहरीच्या कुळातील ॲराबिडॉप्सिस या काटक वनस्पतीतून. पहिल्या प्रकारची रोपे थंडीने अधिक पोळली, दुसऱ्या प्रकारची कमी. आवरणातील मेदाम्ले हेच सर्वस्व आहे असे मात्र यावरून समजू नये. पुढील प्रयोगांत असेही दिसले की, संपृक्त मेदाम्ले वाढूनही काही झाडे थोड्या दिवसांची थंडी सुखरूप काढतात.

ताठरलेल्या आवरणास सूक्ष्म चिरा पडल्यासारखे होऊन ते झिरपू लागते. केळीच्या सालीतील पेशींत तुरट द्रव्ये रिक्तिकेत कोंडलेली असतात आणि त्यांना तपकिरी करणारे विकर दुसऱ्या दालनात असते. मधली भिंत शाबूत असेतो दोघांची गाठ पडत नाही. ती झिरपली की दोन्ही एकत्र येतात आणि कापलेले वांगे जसे हवेत काळे पडते, तशीच साल आतून काळवंडते. सालीखालच्या तपकिरी रेघा त्या याच. इजा झाल्यावर काही दिवसांनी त्या दिसतात याचेही कारण हेच: भिंत थंडीच्या रात्री बिघडते, रंग मागाहून चढतो.

आवरण बातमीही देते

येथवर आवरणाची दुबळी बाजू झाली. त्याची दुसरी बाजू अलीकडच्या काळात उजेडात आली असून ती अधिक मनोवेधक आहे. वनस्पतीला त्वचा नाही, मज्जातंतू नाहीत. मग थंडी पडली हे तिला कळते कसे? १९९१ साली एडिंबरा येथील शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या रोपांत समुद्रातील एका जेलीफिशचे असे प्रथिन निर्माण करविले, की जे कॅल्शियमचा स्पर्श होताच मंद प्रकाश देते. या रोपांना अकस्मात थंडीचा झटका देताच ती क्षणभर उजळली. म्हणजे थंडी लागताक्षणी पेशीत कॅल्शियमचा लोट उसळतो, आणि तो जनुकांना जागे करणारा निरोप असतो.

हा निरोप कोण धाडतो, याविषयी कॅनडात लसूणघासावर झालेला प्रयोग बोलका आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात लसूणघासाच्या पेशींस आवरण सैल करणारे रसायन दिले आणि नंतर ४ अंशांच्या थंडीत ठेवले, तेव्हा पेशींना थंडीची जणू वार्ताच लागली नाही. थंडीशी झुंजण्याची तयारी त्यांनी केली नाही. उलट आवरण ताठर करणारे रसायन देताच २५ अंशांच्या उबदार हवेतही त्यांनी ती तयारी सुरू केली. स्निग्ध थराचे ताठरणे हीच थंडीची वर्दी, असा याचा अर्थ. वर्दी मिळाल्यावर थंडी सोसणारी वनस्पती आपल्या मेदाम्लांत नवे दुहेरी बंध घालते व आवरण पुन्हा सैल करून घेते. त्यास काही दिवस लागतात. म्हणूनच थंडी पायरीपायरीने वाढली तर पिके ती सोसतात आणि एकाएकी पडली तर होरपळतात. केळीच्या अंगी ही शक्ती फार थोडी आहे.

थंडीचीच नव्हे, तर घावाचीही बातमी हेच आवरण देते. अळीने टोमॅटोचे पान कुरतडले की आवरणातील लिनोलेनिक आम्ल सुटे होते आणि त्यापासून जास्मोनिक आम्ल तयार होते. ते झाडभर संदेश पोहोचवून अळीचे पचन बिघडविणारी प्रथिने बनवून घेते. जाई-चमेलीच्या सुवासातील एक घटक याच आम्लाचे रूप आहे. १९९० साली अमेरिकेत फार्मर व रायन यांना असे आढळले की, या सुवासाच्या वाफेनेदेखील शेजारचे टोमॅटोचे झाड सावध होते. पुढे याच वाफेने टोमॅटोच्या फळांवरील थंडीची इजा कमी झाल्याचेही दिसून आले. केळीबागांसाठी तिचा वापर हा अद्याप शेतकऱ्याच्या आवाक्यातील उपाय नव्हे.

बागेत काय करता येईल

आवरणाची मेदाम्ले बदलणे शेतकऱ्याच्या हाती नाही. ते ताठरणार नाही इतकी ऊब बागेत राखणे हाती आहे. पारा किती खाली गेला याइतकेच तो किती वेळ खाली राहिला यासही महत्त्व आहे. अल्पकाळची इजा उन्हाची ऊब मिळताच पेशी भरून काढते, लांबलेली मात्र कायमची होते. यास्तव पहाटेचे दोन-तीन तास सावरले तरी फळ पुष्कळ अंशी वाचते.

थंडीच्या रात्री बागेस पाणी देणे हा सर्वांत भरवशाचा उपाय होय. विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते, आणि ओली जमीन दिवसाची उष्णता कोरड्या जमिनीपेक्षा अधिक साठवून रात्री सावकाश सोडते. ठिबक असलेल्या बागेतही पाण्याची पाळी दुपारऐवजी रात्री उशिरा ठेवावी. बागेच्या उत्तरेस व पश्चिमेस शेवरी किंवा गजराज गवताचे दाट कुंपण पावसाळ्यातच उभे केलेले असावे. थंडी पडल्यावर त्याची आठवण होऊन उपयोग नाही. घडांवर पिशव्या घालाव्यात आणि हिरवी, निरोगी पाने विनाकारण छाटू नयेत, कारण तीच घडावर पांघरूण धरतात. शेकोट्या पेटवावयाच्या तर बांधाबांधाने लहान लहान व अनेक पेटवाव्यात. एकच मोठा जाळ केला तर त्याची उष्ण हवा सरळ वर निघून जाते आणि भोवतालची थंड हवा बागेत ओढली जाते. धुराचा लोट दिसावयास मोठा असला तरी ऊब देतो तो विस्तव.

मृगबाग व कांदेबाग यांपैकी कोणतीही घ्यावयाची असो, लागवडीची तारीख ठरविताना घड बाहेर पडण्याचा काळ मार्गशीर्ष-पौषात येऊ नये हे पाहावे. त्या दिवसांत केळीची वाढ मंदावून घड खोडाच्या गळ्यातच अडकतो, आणि जो बाहेर पडतो त्याची फळे तोकडी राहतात.

काढणीनंतरही हाच नियम लागू आहे. केळीचा माल शीतगृहात किंवा थंड वाहनात १३ ते १४ अंशांवर ठेवावा. अधिक थंड म्हणजे अधिक टिकाऊ, हा समज सफरचंदाच्या बाबतीत चालतो, केळीच्या बाबतीत चालत नाही. एकाच वाहनात दोन्ही फळे पाठविण्याचा मोह वाहतूकदारास होतो. अशा वेळी गाडीतील तापमान किती ठेवले आहे हे माल चढविण्यापूर्वी स्वतः पाहून घ्यावे आणि १३ अंशांहून कमी असल्यास माल चढवू नये.