चिकटणे की अडकणे? रूट कॅनॉलमधल्या सिमेंटचा प्रश्न

मागच्या व्याख्यानात आपण विचारलं होतं, की एखादी गोष्ट मोजली म्हणजे ती आपल्याला कळली का? आज तो प्रश्न दाताच्या मुळाशी नेऊ या. विषय दंतवैद्यकाचा आहे, पण पेच आपला, म्हणजे तत्त्वज्ञानाचाच आहे.

रूट कॅनॉल करताना दाताच्या मुळातली पोकळी साफ करून ती गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने भरतात. गटापर्चा स्वतः दाताला चिकटत नाही. म्हणून तो आणि मुळाची भिंत यांच्यामध्ये सीलर घालतात, लुकणासारखं. ही भिंत डेंटिनची असते आणि तिच्यात अतिसूक्ष्म नळ्या असतात. फट राहिली तर जंतूंना वाट मिळते. सगळा खटाटोप त्या फटीसाठी आहे.

एपॉक्सी रेझिनचे सीलर बरीच वर्षं वापरात आहेत. एएच प्लस हे त्यातलं प्रसिद्ध नाव. बायोसिरॅमिक सीलर त्यामानाने नवे. त्यांचा मुख्य घटक कॅल्शियम सिलिकेट, म्हणजे घरबांधणीच्या पोर्टलंड सिमेंटच्याच कुळातला. आता बघा, गिलावा करण्याआधी गवंडी भिंतीवर पाणी मारतो, कारण सिमेंट पाण्यामुळेच घट्ट होतं. इथे ती ओल डेंटिनच्या नळ्यांमधून मिळते. म्हणून पोकळी ठणठणीत कोरडी केली तर नुकसानच. घट्ट होताना या सीलरमधून कॅल्शियम सुटतं आणि शरीरद्रवातल्या फॉस्फेटशी मिळून अ‍ॅपेटाइट तयार होतं. दातातल्या खनिजाच्याच जातीचं. यावरूनच 'हे सीलर दाताशी रासायनिक नातं जोडतं' असं म्हटलं जातं.

हे नातं किती पक्कं, ते मोजायचं कसं? काढलेल्या दाताच्या मुळाच्या साधारण 1 ते 2 मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापतात आणि मधला भराव बारीक दट्ट्याने ढकलून बाहेर काढतात. लागलेलं बल भागिले स्पर्शाचं क्षेत्रफळ, की मेगापास्कलमध्ये उत्तर आलं. अनेक प्रयोगांत एपॉक्सीचा आकडा सरस ठरतो, काहींत बायोसिरॅमिकचा. शेवटी कोणत्या द्रावणाने पोकळी धुतली, दट्ट्या केवढा होता, यावरही आकडा हलतो.

आता पेच ऐका. भिंतीत ठोकलेली खुंटी ओढून निघत नाही, म्हणून ती भिंतीला चिकटली आहे असं आपण म्हणतो का? नाही. ती अडकलेली असते. ढकलण्याच्या चाचणीत चिकटणं, अडकणं आणि घर्षण ही तिन्ही एकाच आकड्यात मिसळतात. आपण त्या आकड्याला 'बंधाची ताकद' असं नाव देतो आणि मग नावावरच विश्वास ठेवू लागतो.

तुम्ही म्हणाल, एवढी चिरफाड कशाला? तर 2000 नंतरच्या दशकात रेझिलॉन नावाचा भराव आला. तो, सीलर आणि दात मिळून एकसंध ठोकळा होईल, असं सांगितलं गेलं. सुरुवातीच्या प्रयोगशाळेतल्या निकालांनी आशा वाढवली. पण त्यातलं पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे प्लास्टिक कालांतराने विघटित होतं. रुग्णांच्या तोंडात काही वर्षांनी निराशाच पदरी आली आणि ते मागे पडलं.

शिवाय जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं, असंही नाही. उपचार फसला तर तो भराव काढावा लागतो, आणि बायोसिरॅमिक घट्ट झाल्यावर त्याला सहज विरघळवणारं द्रावण हाताशी नाही.

म्हणजे चाचणी निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. एकाच पद्धतीने दोन सीलरची तुलना करायला ती उपयोगी आहे. पण ती 'भराव ढकलायला किती जोर लागतो' याचं उत्तर देते. खुर्चीत बसलेल्या माणसाचा प्रश्न वेगळा असतो: 'डॉक्टर, माझा दात टिकेल ना?' त्याचं उत्तर पोकळी किती स्वच्छ झाली, वरचं झाकण किती नीट बसलं, यांवरही अवलंबून असतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या नावावर खपवू नये, एवढंच आज लक्षात ठेवू या.