डिझेल जातें कोठें?

गेल्या दिवाळीनंतर चिखलीजवळ आमच्या पुतण्याकडे गेलों, तों घरांत मोठाच कलह माजलेला. शेतमाल मलकापूरच्या बाजारांत नेण्याकरितां ठेवलेली त्याची जुनी पिकअप गाडी, चारही चाकांना जोर पोंचविणारी, पूर्वी लिटरमागें 11 किलोमीटर जात असे. ती आतां 8 वर आली होती. चालक डिझेल विकतो असा संशय, व त्यास उद्यां निरोप द्यावयाचा असें ठरलेलेंही होतें.

मीं म्हटलें, "अरे, हेतु सिद्ध झाल्यावांचून निगमन कसें? आधीं मोजा."

टाकी कांठोकांठ भरावी, गाडी चालवावी व पुन्हां तितकीच भरावी. लागलें तेवढें डिझेल खर्ची पडलें. पण अंतर? नवे टायर मोठ्या घेराचे बसविले होते. मोठें चाक एका फेऱ्यांत अधिक वाट आक्रमितें, मीटर मात्र फेरेच मोजतें. किलोमीटरच्या दगडांशीं ताडतां 100 किलोमीटरला मीटर 92 च दाखवी! म्हणजे 8 चे खरे 8.7 झाले, तेवढ्यापुरता चालक निर्दोष.

उरलेला चोर गाडींतच होता. मिस्त्री इंजिन उघडण्यास उतावीळ. मीं त्यास थांबविलें. राजूर घाट उतरल्यावर चारही चाकें तापतात, म्हणून तेथील परीक्षा व्यर्थ. मोताळ्यापुढें सपाट सडकेवर कांहीं अंतर चालून, ब्रेक न दाबतां गाडी आपोआप थांबूं दिली व चाकांजवळ हात नेला. तीन कोमट, मागचें डावें मात्र तव्यासारखें! ब्रेक सुटतच नव्हता. इंजिन सारा वेळ त्याच्याशीं झुंजत होतें. पावसाळ्यांत चिखलासाठीं लावलेले पुढच्या चाकांचे हबलॉकही तसेच होते, त्यामुळें पुढचा आंस उगाच फिरे. तो भार थोडा, पण फुकटचा. टायरांत हवा कमी होती आणि हवेची जाळी कापसाच्या धुळीनें बुजलेली. धूर काळा येई, तो यामुळेंच.

इतकें दुरुस्त केल्यावर खऱ्या अंतरानें साडेदहा पडूं लागले. मोठे टायर जड असतात; पूर्वीचे 11 कांहीं आले नाहींत.

पुतण्यानें चालकास बोलावून सर्व सांगितलें व क्षमा मागितली. तो एवढेंच म्हणाला, "मी त आखाडातच सांगतलं होतं भाऊ, मागचा ब्रेक धरते म्हनून."