यंत्रमानव विकणारा इंजिनिअर : जोसेफ एंगलबर्गर

यंत्र आले की कारागिराच्या पोटावर पाय येतो, ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. तक्रार खोटी नाही. पण जे यंत्र उद्या आपल्या कामाच्या जागी उभे राहणार, ते कसे चालते आणि त्याचा धंदा कोणी उभा केला, हे समजून घेतल्याशिवाय त्याच्याशी टक्कर घेता येत नाही आणि दोस्तीही करता येत नाही. म्हणून कारखान्यांत यंत्रमानव नेणाऱ्या एका अमेरिकन इंजिनिअरची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

जोसेफ एंगलबर्गर यांचा जन्म 1925 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी प्रथम भौतिकशास्त्राची व नंतर 1949 मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे नोकरीत त्यांचे काम होते नियंत्रण यंत्रणांचे.

नियंत्रण यंत्रणा म्हणजे काय? लेथवरचा कारागीर पाहा. तो थोडा कट घेतो, कॅलिपरने माप बघतो, हव्या त्या मापात आणि हाती आलेल्या मापात किती फरक आहे हे पाहतो आणि तेवढाच पुढचा कट घेतो. माप, फरक, दुरुस्ती. हेच काम माणसाच्या डोळ्याऐवजी यंत्राकडून करून घेणे म्हणजे नियंत्रण यंत्रणा.

1956 मध्ये एका मेजवानीत एंगलबर्गर यांची गाठ जॉर्ज डेव्हॉल या संशोधकाशी पडली. डेव्हॉल यांनी 1954 मध्ये माल उचलून ठेवणाऱ्या यांत्रिक हाताच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. कल्पना एकाची, ती बाजारात नेण्याची जिद्द दुसऱ्याची, अशी ही जोडी जमली. यातून ‘युनिमेट’ तयार झाला आणि कनेक्टिकट राज्यातील डॅनबरी येथे ‘युनिमेशन’ ही कंपनी उभी राहिली.

युनिमेटचा हात तेलाच्या दाबावर चालत असे. काम शिकवताना तो हव्या त्या जागी नेऊन ती जागा चुंबकीय ड्रमवर नोंदवायची. मग हात कुठे आहे आणि कुठे असायला हवा, यातला फरक पाहून व्हॉल्व्ह उघडत आणि मिटत. म्हणजे यंत्राला शिकवायलाही काम कळणारा माणूस लागत होताच.

पहिले काम कोणते निवडले, हे व्यापाऱ्याने लक्षात घेण्यासारखे आहे. 1961 मध्ये न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेटला साच्यातून निघणारे तापलेले ओतीव भाग उचलण्यावर लावले. ते काम माणसाला भाजणारे आणि धोक्याचे होते. गिऱ्हाइकाची खरी अडचण कुठे आहे, हे पाहूनच माल पुढे केला गेला.

तरीही धंदा लगेच चालला नाही. सुरुवातीचे यंत्र खर्चापेक्षा कमी दरात विकावे लागले. कंपनीला पहिला नफा दिसला तो 1975 मध्ये. मधल्या काळात एंगलबर्गर यांनी 1966 मध्ये दूरदर्शनच्या लोकप्रिय कार्यक्रमात युनिमेटकडून गोल्फचा चेंडू मारून दाखवला. पण मायदेशातील कारखानदार कचरत होते तेव्हा खरा उत्साह दाखवला जपानने. 1968 मध्ये कावासाकी कंपनीशी करार झाला आणि पुढच्याच वर्षी जपानमध्ये हे यंत्र बनू लागले.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ओहायोतील लॉर्ड्सटाउन येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यात मोटारींच्या सांगाड्यांचे वेल्डिंग युनिमेट करू लागले. तेथील कामगारांनी 1972 मध्ये संप केला. त्यांचे गाऱ्हाणे होते ते वाढवलेल्या वेगाविरुद्ध आणि कामगारकपातीविरुद्ध. यंत्र धोक्याचे काम उचलते हे खरे, पण वाचलेला वेळ आणि पैसा कोणाच्या पदरात पडणार हे यंत्र ठरवत नाही, मालक ठरवतो.

1983 मध्ये वेस्टिंगहाऊस कंपनीने युनिमेशन 10 कोटी 70 लाख डॉलरना विकत घेतली. एंगलबर्गर मात्र घरी बसले नाहीत. त्यांनी नवी कंपनी काढून इस्पितळात जेवण व औषधे पोहोचवणारा ‘हेल्पमेट’ हा यंत्रमानव बनवला. 1997 मध्ये त्यांना जपान प्राइझ हा सन्मान मिळाला. 2015 मध्ये, नव्वदीत, त्यांचे निधन झाले.

वाचकहो, उद्या आपल्या दुकानात वा कारखान्यात एखादे स्वयंचलित यंत्र आणण्याचा विचार असेल, तर आम्ही एवढेच सुचवू. ते कोणते अवघड काम हलके करणार, पैसे किती वर्षांत वसूल होणार आणि बिघडले तर दुरुस्त कोण करणार, हे आधी विचारा. आणि जो कारागीर आज ते काम हाताने करतो, त्यालाच यंत्र शिकायला प्रथम बसवा. कामातल्या खाचाखोचा त्याच्याइतक्या दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतात.