गेमिंग संगणक : आधी मॉनिटर ठरवा, मग ग्राफिक्स कार्ड

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या घरात संगणक आता नवा राहिलेला नाही. जीएसटीचा हिशेब, साडी-चादरीचे डिझाइन, गिऱ्हाइकाला पाठवायचे फोटो ही सारी कामे त्यावर होतात. पण मुलगा कॉलेजात गेला की गेमिंगसाठी वेगळा संगणक मागतो आणि एक यादी वडिलांच्या हाती ठेवतो. या यादीत सर्वांत मोठी रक्कम बहुधा ग्राफिक्स कार्डाची असते आणि मॉनिटरच्या पुढे 'कोणताही चालेल' असे लिहिलेले असते. वडिलांना त्यातले फारसे समजत नाही. ते कापडाचा भाव पैशापर्यंत घासतात, पण इथे मात्र निमूटपणे नोटा मोजून देतात.

'कोणताही चालेल' या दोन शब्दांतच नुकसान दडलेले आहे. कार्ड आणि मॉनिटर ही जोडीने घ्यायची वस्तू आहे. जोडीत जो कमी ताकदीचा, त्याच्याएवढेच काम दोघांकडून मिळते आणि दुसऱ्यावर घातलेला जादा पैसा पडून राहतो. म्हणून ही जोड कशी लावावी, हे आम्ही आपल्या धंद्याच्या भाषेत येथे मांडत आहोत.

कोणाचे काम काय?

ग्राफिक्स कार्ड चित्र तयार करते आणि मॉनिटर ते दाखवतो. खेळातील हालचाल म्हणजे एकामागून एक भराभर येणारी स्थिर चित्रे होत. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. कार्ड सेकंदाला किती फ्रेम तयार करते हा त्याचा वेग, आणि मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतो हा मॉनिटरचा वेग. मॉनिटरचा वेग हर्ट्झमध्ये मोजतात.

माग कितीही जोरात चालला तरी घडी घालणारा माणूस दिवसाला जितक्या घड्या घालील तितक्याच दुकानात पोचतात. तसेच हे आहे. ६० हर्ट्झच्या मॉनिटरला १५० फ्रेम देणारे कार्ड जोडले तरी डोळ्यांपुढे सेकंदाला ६० पूर्ण चित्रेच येतात. हात हलवल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा वेळ किंचित घटतो, एवढाच लाभ. उलट १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन त्याला ४० फ्रेम देणारे कार्ड जोडले, तर मॉनिटरला दिलेले जादा पैसे वाया जातात.

इंचाला किती तार?

मॉनिटरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. बाजारात मुख्यतः तीन मापे चालतात. पहिले १९२० बाय १०८०, ज्याला फुल एचडी म्हणतात. त्यात २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. दुसरे २५६० बाय १४४०, म्हणजे ३६ लाख ८६ हजार ४०० पिक्सेल. तिसरे ३८४० बाय २१६०, ज्याला फोर-के म्हणतात; त्यात ८२ लाख ९४ हजार ४०० पिक्सेल, फुल एचडीच्या बरोबर चौपट.

पण नुसत्या पिक्सेलच्या संख्येवरून चित्राची सफाई कळत नाही. कापडाचा पोत इंचातील तारांवरून ओळखतात, तसा मॉनिटर इंचातील पिक्सेलवरून ओळखावा. फुल एचडी मॉनिटर २४ इंची असेल तर इंचाला सुमारे ९२ पिक्सेल पडतात. तेच माप २७ इंचांवर ताणले की ८२ च उरतात आणि अक्षरे जाडी-भरडी दिसू लागतात. २७ इंचांवर १४४० चे माप घेतले तर इंचाला सुमारे १०९ पिक्सेल मिळतात. ३२ इंची फोर-के मॉनिटरवर ही संख्या १३८ च्या आसपास जाते. म्हणून मोठा पडदा स्वस्तात मिळतो आहे असे दिसले की त्याचे पिक्सेल आधी विचारावेत.

कार्डावरील बोज्याचा हिशेब

एका चित्रातील पिक्सेल गुणिले सेकंदाला लागणारी चित्रे, हा कार्डावरचा बोजा समजावा. फुल एचडी मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख पिक्सेल भरावे लागतात. तोच मॉनिटर १४४ हर्ट्झचा घेतला तर २९ कोटी ८६ लाख. १४४० च्या मापात १४४ हर्ट्झ हवे असतील तर ५३ कोटी ८ लाख. फोर-के ६० हर्ट्झला ४९ कोटी ७७ लाख, आणि फोर-के १४४ हर्ट्झला तब्बल ११९ कोटी ४४ लाख.

या आकड्यांवरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, २७ इंची १४४ हर्ट्झचा मॉनिटर पूर्ण वेगाने चालवणे फोर-के ६० हर्ट्झपेक्षाही जड आहे. दुसरी, यादीत एका ओळीचा बदल केला की बोजा दुप्पट-चौपट होतो आणि त्याबरोबर कार्डाची किंमतही चढते. हा हिशेब अर्थात ढोबळ आहे. खेळातील प्रकाश, सावल्या व इतर सजावट कमी-जास्त केली की बोजा पुष्कळ बदलतो.

खेळ कोणता, हेही विचारावे. २०२० साली आलेल्या व्हॅलोरंटसारखा स्पर्धेचा खेळ हलका असतो. त्याला साधे कार्डही भरपूर फ्रेम देते, म्हणून तेथे वेगवान मॉनिटर उपयोगी पडतो. त्याच वर्षी आलेला सायबरपंक २०७७ मात्र अतिशय जड आहे. तशा खेळात सेकंदाला ६० फ्रेम मिळाल्या तरी खेळणारा समाधानी असतो.

कोणत्या मॉनिटरला कसले कार्ड?

नावे केवळ उदाहरणादाखल देत आहोत. दरवर्षी नवा माल येतो, पण जोडीचा नियम बदलत नाही. २०२३ साली आलेली जीफोर्स आरटीएक्स ४०६० आणि रेडिऑन आरएक्स ७६०० ही ८ जीबी स्मृतीची कार्डे फुल एचडी मॉनिटरच्या जोडीची. त्याच वर्षीची १२ जीबीची आरटीएक्स ४०७० आणि १६ जीबीची आरएक्स ७८०० एक्सटी ही १४४० मापाच्या जोडीची. फोर-केवर जड खेळ खेळायचे तर २०२२ च्या १६ जीबीच्या आरटीएक्स ४०८० सारखे वरच्या दर्जाचे कार्ड लागते.

कार्डाची स्मृती म्हणजे त्याचे गोदाम. खेळाचा माल त्यात मावला नाही, तर तो संगणकाच्या मुख्य स्मृतीतून पुन्हा पुन्हा आणावा लागतो आणि खेळ अडखळतो. आजच्या जड खेळांसाठी फुल एचडीला ८, १४४० ला १२ आणि फोर-केला १६ जीबी हे माप मनात ठेवावे.

कार्ड थोडे कमी पडत असेल तर आता एक तोड निघाली आहे. कार्डाने लहान मापाचे चित्र तयार करायचे आणि हुशारीने ते मोठे करून दाखवायचे. एनव्हिडियाने हे तंत्र डीएलएसएस या नावाने २०१८ साली जाहीर केले, तर एएमडीने एफएसआर या नावाने २०२१ साली आणले. फोर-के मॉनिटरवर डीएलएसएस 'क्वालिटी'वर ठेवले की कार्ड प्रत्यक्षात १४४० मापाचेच चित्र काढते. याने बोजा बराच उतरतो. तरी खरेदीच्या वेळी या सोयीला टेकू समजावे. इमारत तिच्यावर बांधू नये.

फाटणारे चित्र आणि चुकीची केबल

कार्डाचा व मॉनिटरचा ठेका जुळला नाही की पडद्याच्या वरच्या भागात जुने चित्र आणि खालच्या भागात नवे, असा आडवा तडा दिसतो. यावर उपाय म्हणजे मॉनिटरने कार्डाच्या ठेक्यावर चालणे. एनव्हिडियाने यासाठी २०१३ साली जी-सिंक जाहीर केले. त्याला मॉनिटरमध्ये वेगळा महागडा भाग लागत असे. एएमडीचे फ्रीसिंक असलेले मॉनिटर २०१५ मध्ये बाजारात आले आणि ते स्वस्त पडले. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची बरीच कार्डेही अशा मॉनिटरबरोबर चालू लागली. म्हणून आज ही सोय नसलेला मॉनिटर गेमिंगसाठी घेऊ नये. ही सोय किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंत चालते, तेही पाहावे. ती ४८ पासून सुरू होत असेल आणि कार्ड ३५ फ्रेमच देत असेल, तर लाभाची खात्री नाही.

केबल ही किरकोळ वस्तू समजून लोक फसतात. एचडीएमआय १.४ च्या जोडणीतून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच जाते, २.० मधून ६० वेळा, आणि २.१ मधून १२० वेळा. डिस्प्लेपोर्टची केबल असेल तर शक्यतो तीच वापरावी. ती केबल कार्डाच्याच खाचेत लावावी. मदरबोर्डाच्या खाचेत लावली तर महागडे कार्ड आत बसून राहते आणि त्याचे काम प्रोसेसरमधील साध्या चित्रयंत्रावर येऊन पडते. शिवाय नवा मॉनिटर जोडल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झचा आकडा पाहावा. पुष्कळ ठिकाणी १४४ चा मॉनिटर महिनोन् महिने ६० वरच चालत असतो आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो.

प्रोसेसर आणि वीज

जोड दोघांची असली तरी तिसरा भागीदार प्रोसेसर आहे. प्रत्येक फ्रेमचा आराखडा तोच कार्डाला देतो. तो मंद असेल तर कार्ड हात बांधून बसते. घरात आधीच संगणक असेल तर एक सोपी परीक्षा करता येते. खेळाचे माप फोर-के वा १४४० वरून खाली फुल एचडीवर आणावे. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडत होते. जवळजवळ तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर अडवतो आहे, आणि अशा वेळी नवे कार्ड आणून काही साधणार नाही.

विजेचेही तसेच. आरटीएक्स ४०६० हे कार्ड ११५ वॅट घेते आणि त्यासाठी कंपनी ५५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते. २०२५ च्या आरटीएक्स ५०९० ला ५७५ वॅट लागतात आणि पॉवर सप्लाय १००० वॅटचा. म्हणजे मोठ्या कार्डाबरोबर पॉवर सप्लाय, पंखे, पेटी आणि महिन्याचे बिल हे सारे मोठे होते. यादीत हा खर्च सहसा दिसत नाही. पॉवर सप्लायमध्ये नाव नसलेला स्वस्त माल मात्र कधीही घेऊ नये.

घरात डिझाइनचे कामही असेल तर

ज्या घरी दिवसा कापडाचे डिझाइन आणि रात्री खेळ एकाच संगणकावर व्हायचा, तेथे मॉनिटरची निवड अधिकच महत्त्वाची. टीएन जातीचा पडदा वेगवान व स्वस्त असतो, पण मान जरा हलवली की रंग बदलतो. त्यावर पास केलेला मोरपंखी रंग डाइंगहून भलताच होऊन येईल. आयपीएस जातीचा, एसआरजीबी रंग जवळजवळ पूर्ण दाखवणारा, २७ इंची, १४४० मापाचा मॉनिटर दोन्ही कामांना पुरतो. साध्या डिझाइनला फार मोठे कार्ड लागत नाही. तेथे रंग खरा दिसणे हीच कमाई आहे.

जुना माल, हप्ता आणि बिल

२०२०-२१ मध्ये आभासी चलनाच्या खाणकामासाठी कार्डांवर उड्या पडल्या आणि भाव गगनाला भिडले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलली, तेव्हा हे काम बंद पडले आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो वा आपल्या गावी, जुने कार्ड घेताना मूळ बिल व अनुक्रमांक जुळवावा, आणि समोर अर्धा तास जड खेळ चालवून दाखवायला सांगावे.

हप्त्याबाबत सावध राहावे. 'बिनव्याजी हप्ता' म्हणून जी योजना दाखवली जाते, तीत बँक सहसा व्याज लावतेच. विक्रेता तेवढी सूट देऊन ते झाकतो आणि त्या व्याजावर जीएसटीही बसतो. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले आहे. तेव्हा सही करण्यापूर्वी कागद वाचावा आणि शंका असल्यास आलिमांना विचारावे. आमच्या मते दोन टप्प्यांत रोख खरेदी उत्तम : आज मॉनिटर व बेताचे कार्ड, पुढे गरज पटली तर मोठे कार्ड. चांगला मॉनिटर पुष्कळ वर्षे टिकतो. कार्ड लवकर जुने होते.

३२ इंचांहून मोठ्या मॉनिटरवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो लहान मॉनिटरप्रमाणेच १८ टक्के झाला आहे. धंद्यासाठी घेतलेल्या संगणकाचे इनपुट क्रेडिट नोंदणीकृत व्यापाऱ्याला मिळते. कंपोझिशनवाल्यांना मिळत नाही. मात्र मुलाच्या खेळाचे यंत्र दुकानाच्या नावावर दाखवून क्रेडिट घेणे कायद्यानेही गैर आणि ईमानदारीच्या दृष्टीनेही गैर.

तात्पर्य

दुकानाची पायरी चढण्यापूर्वी एका कागदावर क्रमाने लिहावे : खेळ कोणते, पडदा किती इंची, पिक्सेल किती, हर्ट्झ किती. त्यानंतरच त्याला पुरेल तेवढे कार्ड, आणि कार्डाला पुरेल तेवढा प्रोसेसर व पॉवर सप्लाय. हा कागद मुलानेच लिहावा आणि वडिलांना समजावून सांगावा. ज्याला प्रत्येक ओळीचे कारण सांगता येते, त्याला आपल्या बापाच्या पैशाची किंमत कळली असे समजावे. गरजेपुरती वस्तू घेणे हा कंजूषपणा नव्हे. गरजेहून जास्त घेणे हा मात्र इसराफ आहे. अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो आणि ती योग्य ठिकाणी खर्च करण्याची समज देवो.