लाटसाहेबांचा बंगला ते हाफकिन

परळची हाफकिन संस्था ज्या इमारतीत आहे, ती मुळात पोर्तुगिजांचा मठ. इंग्रजांनी तो ताब्यात घेतला, चॅपेलचं मेजवानीचं दालन केलं. १७७१च्या सुमारास गव्हर्नर हॉर्नबी तिथे राहायला गेले आणि शतकभर हाच लाटसाहेबांचा बंगला झाला. १८८२मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन (पुण्याच्या कॉलेजवाले तेच) यांच्या पत्नी इथे पटकीने वारल्या. पुढे गव्हर्नरांनी मलबार हिल गाठलं. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. १८९९मध्ये त्यांची प्रयोगशाळा या बंगल्यात आली. संस्थेला त्यांचं नाव मात्र १९२५मध्ये मिळालं.